दारावरचा तोतया आणि आपली आशाताई

मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. दुपारचे जेवण आटोपून मी दवाखान्याकडे निघालो होतो. आमच्या गल्लीत आशाताई कुष्ठरोगाच्या पाहणीसाठी घरोघर फिरत होत्या. सोबत एक तरुण स्वयंसेवक होता. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का, हे विचारायचे, पाहायचे आणि वहीत नोंद करायची, एवढेच त्यांचे काम. समोरच्या घरापाशी त्या चांगल्या पाच मिनिटे उभ्या होत्या. आत टीव्ही चालू होता, पण दार काही उघडेना. शेवटी खिडकीचा पडदा जरासा हलला आणि आतून आवाज आला, "आम्हाला काही नाही. पुढे जा."

ताई माझ्याकडे पाहून कसनुसे हसल्या. म्हणाल्या, "सर, मी या भागात आल्यापासून हे घर असंच आहे."

ते घर असे का झाले, हे मला ठाऊक आहे. त्यात थोडा दोष माझाही आहे. म्हणून आजच्या लेखात औषधपाण्याऐवजी त्याच विषयावर लिहितो.

ती बाराशे रुपयांची पावती

सप्टेंबर २०२० चे दिवस आठवा. कोरोना ऐन भरात होता. १५ सप्टेंबरपासून राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असे पथक घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील ऑक्सिजन मोजत होते, घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब आहे का याची नोंद घेत होते. सारे काही मोफत होते. मोहीम चांगली होती. तिच्यामुळे कितीतरी रुग्ण वेळेत सापडले.

पण खरे पथक आमच्या गल्लीत पोहोचण्याआधीच दोन तरुण येऊन गेले. अंगात पांढरे कोट, तोंडावर मास्क, वर प्लास्टिकची पारदर्शक ढाल, गळ्यात ओळखपत्र, हातात ताप मोजायची बंदूक. समोरच्या घरात तेव्हा आजी, सून आणि दोन नातवंडे होती. मुलगा मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी, तो कामावर गेलेला. त्या दोघांनी सगळ्यांच्या बोटाला यंत्र लावले. "आजी, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. एकदम छान," असे सांगितले. मग शासनाची नोंदणी फी आणि 'शक्तीच्या गोळ्या' मिळून माणशी तीनशे, चौघांचे बाराशे रुपये घेतले, गोल शिक्क्याची पावती फाडून दिली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा मला फोन आला. आईला खोकला आहे, थकल्यासारखे वाटते. मी विचारले, ऑक्सिजन मोजला का? तो म्हणाला, "कालच सरकारी लोक तपासून गेले डॉक्टरसाहेब, अठ्ठ्याण्णव आहे." ते ऐकून मी निर्धास्त झालो. पॅरासिटामॉल द्या, पाणी भरपूर पाजा, दोन दिवसांनी कळवा, असे सांगून फोन ठेवला. दिवसाला शंभर फोन येत होते हे खरे, पण ती काही सबब नव्हे. एकदा घेऊन या, असे मी म्हणायला हवे होते.

दोन दिवसांनी त्यांना रिक्षातून आणले. ओठांवर निळसर झाक होती. माझ्या यंत्रात आकडा आला ८२. आणि आजी मात्र माझ्याशी बोलत होत्या! या आजारात ऑक्सिजन खूप खाली गेला तरी काही रुग्णांना दम लागल्याचे जाणवतच नाही. म्हणून तर त्या आकड्याला इतके महत्त्व होते. १०८ ची गाडी मागवून त्यांना धुळ्याला हलवले. तेरा दिवसांनी त्या घरी परतल्या. तिथल्या डॉक्टर-सिस्टरांचे कष्ट आणि आजींचे दैव बलवत्तर, म्हणून परतल्या.

नंतर ती पावती मी पाहिली. शिक्क्यावर 'आरोग्य' हा शब्दसुद्धा धड नव्हता, 'आरोगय' असे छापले होते. कार्यालयाचा पत्ता नाही, गावाचे नाव नाही. त्यांचे यंत्र कसले होते कोण जाणे. त्या काळात बोटाऐवजी पेन घातले तरी आकडा दाखवणारी यंत्रे बाजारात आली होती. आजींना मी विचारले, पैसे दिलेच कसे? त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माले वाटनं, सरकारना माणूस शे. गयामा कार्ड व्हतं. नही कसं म्हनू?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

माझी दुसरी चूक

रागाच्या भरात त्यानंतरचे काही दिवस मी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला एकच सांगत सुटलो, "कोणीही आले तरी दार उघडू नका." लहान गावात डॉक्टरचा शब्द लवकर पसरतो.

पंधरा दिवसांनी त्या वेळच्या आमच्या आशाताई दवाखान्यात आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "सर, तुम्ही असं सांगितलं म्हणे. आता लोक मलाच हाकलतात. तीन घरांतून खोकल्याचा आवाज येतो, पण मोजू देत नाहीत. उद्या काही झालं तर बोल मलाच लागेल."

मी खजील झालो. भामट्यांनी बाराशे रुपये नेले. पण जे दार त्यांनी नुसते लोटले होते, त्याला कडी मी घातली होती. तोतया आरोग्यसेवकाचा खरा अपाय इथे आहे. तो पैसे नेतो, खोटा दिलासा देऊन उपचाराचे मोलाचे दिवस नेतो आणि जाताना खऱ्या माणसावरचा विश्वासही घेऊन जातो. पैसे पुन्हा मिळवता येतात. तो विश्वास मात्र समोरच्या घरात पाच वर्षांनीही परतला नव्हता.

तेव्हा वाचकहो, भामट्याला ओळखायचे, पण खऱ्याला दार बंद करायचे नाही. या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या आहेत.

तोतया कोठे उगवतो?

तोतया हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे काही वर्षांनी 'मीच तो भाऊ' म्हणत एक इसम उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, कारण भाऊ परत यावेत अशी लोकांची मनापासून इच्छा होती. तोतया नेहमी असाच उगवतो. लोक ज्याची वाट पाहत असतात, त्याचाच वेष तो घेतो. साथीच्या काळात लोक वाट पाहतात औषधाची, लसीची आणि 'तुम्हाला काही झालेले नाही' या एका वाक्याची.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा मी इंटर्नशिप करत होतो आणि सुटीला घरी आलो होतो. आपल्या खानदेशातली हजारो माणसे सुरतेला कामाला. सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्या भरभरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे येऊ लागल्या. टेट्रासायक्लिन हे औषध ठिकठिकाणी दुकानांतून दिसेनासे झाले. त्या गर्दीत आपल्या स्टेशनवर एक गृहस्थ मी पाहिले. अंगात एप्रन, हातात कॅप्सूलची पाकिटे. 'सुरतच्या सरकारी दवाखान्यातून आलोय' म्हणत वीस रुपयांना पाकीट विकत होते. त्यांचा एप्रन माझ्यापेक्षाही पांढरा होता! मी जवळ जाऊन 'कोणत्या वॉर्डात काम करता' एवढेच विचारले, तर गृहस्थ निघालेल्या गाडीत चढून दिसेनासे झाले. त्या पाकिटांत काय होते, देव जाणे. पण एका साध्या प्रश्नाने तोतया पळतो, हे मी त्या दिवशी शिकलो. २०२० मध्ये ते विसरलो, हे दुर्दैव.

शिकलेलेही फसले

हे प्रकार अडाणी, गरीब माणसांच्या बाबतीतच घडतात, असे कोणी समजू नये. मुंबईत कांदिवलीला हिरानंदानी हेरिटेज नावाची मोठी सोसायटी आहे. ३० मे २०२१ रोजी तिथे कोरोना लसीकरणाचे शिबिर झाले. माणशी १,२६० रुपये घेऊन ३९० जणांना लस टोचण्यात आली. एकूण रक्कम झाली जवळजवळ ४ लाख ९१ हजार. शिबिर नामांकित खासगी रुग्णालयाच्या वतीने आहे, असे रहिवाशांना सांगण्यात आले होते.

मग शंका येऊ लागल्या. लस घेताच मोबाईलवर जो संदेश यायला हवा, तो आला नाही. लस घेताना फोटो काढू दिले नव्हते. पुढे प्रमाणपत्रे आली ती निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची. आणि ३९० जणांपैकी कोणालाही ताप किंवा अंगदुखी झाल्याचे ऐकू येईना. इथे डॉक्टर म्हणून एक खुलासा करतो. लस घेतल्यावर ताप आला नाही म्हणजे लस खोटी, असे मुळीच नाही. अनेकांना खरी लस घेऊनही काहीच होत नाही. पण जवळजवळ चारशे जणांत एकालाही काही होऊ नये, ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी होती. रहिवाशांनी तो विचार केला, संबंधित रुग्णालयांकडे चौकशी केली, पोलिसांत गेले आणि जूनमध्ये गुन्हा नोंदवला गेला. तपासात एकामागून एक शिबिरे उघडकीस आली. जून २०२१ अखेर मुंबईतील अशा नऊ बनावट शिबिरांत २,०५३ जणांची फसवणूक झाल्याचे मुंबई उच्च न्यायालयात सांगण्यात आले. पुढे कांदिवलीच्या रहिवाशांना पुन्हा खरी लस देण्याची व्यवस्था महापालिकेला करावी लागली.

विचार करा, हे प्रकरण उघडकीस आले नसते तर? ती माणसे 'मी लस घेतली आहे' या भरवशावर बाजारात, लग्नाकार्यात, आजारी नातेवाइकांकडे गेली असती. आमच्या आजींना खोटा आकडा मिळाला, त्यांना खोटा डोस मिळाला. दोन्हींत पैशांपेक्षा खोटा दिलासा जास्त घातक.

त्याच जून महिन्यात कोलकात्याचे प्रकरण गाजले. तिथे एका तरुणाने आयएएस अधिकारी असल्याची बतावणी करून महापालिकेच्या नावाने शिबिरे घेतली. कसबा भागातल्या शिबिरात खासदार मिमी चक्रवर्ती यांनी स्वतः लस टोचून घेतली. मोबाईलवर संदेश आला नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि सारे बिंग फुटले. जप्त केलेल्या बाटल्यांवरचे कोव्हिशिल्डचे लेबल सोलले तर खाली ॲमिकासिनचे लेबल निघाले, असे तपासात आढळले. ॲमिकासिन हे जंतुसंसर्गावरचे प्रतिजैविक आहे. विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. उलट गरज नसता दिले तर मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय होऊ शकतो. तेव्हा 'पाणीच टोचले असेल, त्यात काय बिघडले' असे म्हणण्याची सोय नाही.

या प्रकरणात आणखी एक धडा आहे. कसब्याच्या शिबिरात पैसे घेतले जात नव्हते. म्हणजे पैसे मागितले तर तो तोतया हे बहुधा खरे, पण पैसे मागितले नाहीत म्हणून तो खरा, असे मात्र नाही.

फोनवरचा पांढरा कोट

१० जानेवारी २०२२ पासून ज्येष्ठांना खबरदारीचा तिसरा डोस सुरू झाला. लागलीच फोन येऊ लागले. "आरोग्य विभागातून बोलतो. तुमच्या बूस्टर डोसची नोंदणी करायची आहे. मोबाईलवर आकडा येईल, तो सांगा." तो आकडा म्हणजे ओटीपी. तो सांगितला की कोणाचे व्हॉट्सॲप, कोणाचे बँक खाते परस्परांच्या हाती. ठिकठिकाणच्या पोलिसांनी तेव्हा याबद्दल लोकांना सावध केले होते.

लोकांचा गोंधळ होण्याचे कारणही होते. ८ मे २०२१ पासून खऱ्या लसीकरणातही चार आकडी गुप्त क्रमांक सांगावा लागत असे. मग कोणाला सांगायचा, कोणाला नाही? फरक सोपा आहे. तो क्रमांक आपण केंद्रावर गेल्यावर, समोर सुई घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सांगत होतो. आपण त्यांच्या दारी गेलो होतो. जो स्वतःहून तुमच्या दारी किंवा तुमच्या फोनवर येऊन आकडा मागतो, त्याला एकही आकडा सांगायचा नाही. हा नियम कोरोनापुरता नाही. आता आयुष्मान कार्डाच्या नावाने कोणी फोन केला, व्हॉट्सॲपवर एखादी फाइल पाठवून 'उघडा' म्हणाला, तरी तोच नियम लागू आहे.

खरा माणूस कसा असतो?

भामट्याच्या हजार युक्त्या पाठ करण्यापेक्षा खऱ्या माणसाची ओळख करून घेणे सोपे. नोट पारखणारा कॅशियर खऱ्या नोटा हाताळून हाताळूनच तयार होतो.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि ती त्याच वस्तीत राहणारी असावी, हा मूळ नियम. आपण तिला सासरच्या-माहेरच्या नावाने ओळखावे, हाच त्यामागचा हेतू. तिच्यावर उपकेंद्राची आरोग्यसेविका, म्हणजे आपण जिला सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतो ती. साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात याहून कमी लोकसंख्येला. शहरात उपजिल्हा रुग्णालय आणि नगरपालिका. म्हणजे दारात येणाऱ्या प्रत्येक खऱ्या माणसामागे एक ठिकाण असते, आणि त्या ठिकाणी जाऊन किंवा फोन करून विचारता येते. तोतयामागे असे ठिकाण नसते. हीच त्याची दुखरी नस.

खरा आरोग्यसेवक पाहणीचे, पोलिओच्या थेंबांचे किंवा सरकारी लसीचे पैसे घरी येऊन मागत नाही. औषधे विकत नाही. ओटीपी, पिन, एटीएम कार्ड विचारत नाही. 'आत्ताच्या आत्ता, नाहीतर पोलिस येतील' अशी धमकी देत नाही. त्याच्याकडे वही असते, त्यात शेजारच्या घरांची नावे असतात. पोलिओच्या वेळी तो दारावर खडूने खूण करतो. आणि लस देणारा चार गोष्टी सांगितल्याशिवाय सोडत नाही: कोणती लस दिली, पुढची केव्हा, काय त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करायचे, आणि कार्ड जपून ठेवा. हे चारही सांगितले नाही तर आपण विचारावे. खऱ्याला राग येणार नाही.

पांढरा कोट, गळ्यातले कार्ड आणि शिक्का यांवर मात्र भिस्त ठेवू नये. तिन्ही वस्तू बाजारात मिळतात.

एवढे करा

१. दारात कोणी आले तर कडी न काढता, जाळीतून किंवा खिडकीतून नाव, हुद्दा आणि कोणत्या केंद्रातून आलात, हे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही.

२. आपल्या आशाताईला किंवा सिस्टरला फोन लावा. नंबर आपल्याकडे आधीपासून असलेला हवा. आलेल्या माणसाने दिलेल्या नंबरावर चौकशी करू नका, तिकडून त्याचाच जोडीदार बोलेल.

३. घरात एकटे वृद्ध किंवा लहान मुले असतील तर पाहुण्याला थांबायला सांगा आणि शेजाऱ्याला हाक मारा. खरा माणूस थांबतो किंवा संध्याकाळी परत येतो. घाई फक्त चोराला असते.

४. रोख पैसे, गुगल पे, फोन पे काहीही देऊ नका. आधार कार्ड दाखवायची वेळ आली तरी ते हातातून सोडू नका आणि अंगठा कुठल्याही यंत्रावर ठेवण्याआधी चौकशी पूर्ण करा.

५. कोणी ऑक्सिजन मोजला तर आकड्यावर आंधळा विश्वास नको. यंत्र अर्धा मिनिट बोटावर राहू द्या. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. बोट काढल्यावरही आकडा तसाच दिसत राहिला तर ते यंत्र बाद. आणि आकडा कितीही चांगला असो, खोकला, धाप, ग्लानी असेल तर दवाखान्यात या. माझ्यासारखा डॉक्टर फोनवर निर्धास्त झाला तर त्यालाही म्हणा, "एकदा डोळ्यांनी बघा."

६. सोसायटीत, मंडळात, बाजार समितीत आरोग्य शिबिर ठेवायचे असेल तर आयोजकांनी रुग्णालयात स्वतः जाऊन खात्री करावी. नगरपालिका किंवा आरोग्य केंद्राला आधी कळवावे. लस असेल तर शीतपेटी, बाटलीचे सील आणि तारीख पाहावी. फोटो काढायला बंदी असेल तर तिथेच थांबावे.

फसगत झालीच तर

सर्वांत आधी लाज सोडा. आमच्या आजींच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. 'लोक हसतील' म्हणून गप्प बसले. त्या दोघांनी पुढे आणखी किती घरे गाठली असतील, हे मला आजही कळलेले नाही. एका घराने आरडाओरडा केला असता तर पुढची दहा घरे वाचली असती.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेला सांगा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची आशा कमी. माणूस अजून आसपास असेल तर ११२ फिरवा. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. लोकसेवक असल्याचे सोंग घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २०४ त्यासाठीच आहे.

आणि काही गिळले किंवा टोचून घेतले असेल तर तिसरे काम, आपल्या डॉक्टरला खरे सांगा. गोळ्यांचे पाकीट, रिकामी बाटली, पावती फेकू नका, सोबत आणा. आम्ही रागावणार नाही. निदान मी तरी आता रागावत नाही.

पुन्हा समोरचे घर

दुसऱ्या दिवशी आशाताई पुन्हा त्या दारात गेल्या. या खेपेला त्यांनी नुसती कडी वाजवली नाही. खिडकीशी जाऊन आपले नाव, सासरे कोण, घर कुठल्या गल्लीत, सगळे सांगितले. आजी आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांनी 'थांब जरा' म्हटले, आत जाऊन माझ्या दवाखान्यात फोन लावला आणि कंपाउंडरला विचारले, "अशी अशी बाई शे का तुमनी वळखनी?" तो 'आहे' म्हणाला. मग दार उघडले.

ताईंना तिथे दहा मिनिटे ताटकळावे लागले, पण आजींनी केले ते अगदी योग्य केले. दार बंद ठेवले नाही आणि आंधळेपणाने उघडलेही नाही. विचारले, आणि मग उघडले. घरात कोणाच्या अंगावर चट्टा नव्हता. सुनेची एक जुनी तक्रार मात्र होती, ती ताईंनी वहीत लिहून घेतली आणि माझ्याकडे पाठवली.

वाचकहो, पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा दारात आधी कोण येणार, हे ठरलेले आहे: आपली आशाताई, आणि तिच्या आगेमागे तिचे सोंग घेतलेला कोणीतरी. साथीच्या धामधुमीत ओळख करून घेता येत नाही, ती आधीच असावी लागते. म्हणून आज एक काम करा. आपल्या भागाच्या आशाताईचे, सिस्टरचे आणि आपल्या डॉक्टरचे नाव व फोन नंबर, त्याखाली १०८, ११२ आणि १९३० हे तीन आकडे, एका कागदावर ठळक लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला, घरातल्या वृद्धांना चष्म्याशिवाय दिसेल असे चिकटवा. आशाताईचे नाव माहीत नसेल, तर ते विचारून घेणे, हीच या आठवड्याची औषधाची चिठ्ठी समजा.